पेशव्यांच्या तोफखान्याची अखेरची लढाई : सरदार गणपतराव पानसे आणि सोलापूर



सोलापूर म्हटले की चादरी, गिरण्या, सिद्धेश्वराची यात्रा आणि १९३० चा मार्शल लॉ या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. शहराच्या मध्यभागी उभा असलेला भुईकोट किल्लाही सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याच किल्ल्याच्या तटाखाली मे १८१८ मध्ये पेशवाईच्या शिस्तबद्ध पायदळाने आणि तोफखान्याने आपली अखेरची मोठी लढाई दिली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या लढाईचे नेतृत्व पेशव्यांच्या तोफखान्याचे वंशपरंपरागत सरदार गणपतराव पानसे यांच्याकडे होते. खडकी, कोरेगाव आणि आष्टी या लढायांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. सोलापूरचे नाव त्यांच्या पंक्तीला क्वचितच बसते. एका सेनाधिकाऱ्याच्या आयुष्यातील त्या निर्णायक दिवसाचा आणि त्यामागे उभ्या असलेल्या परंपरेचा विचार करणे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सोनोरीचे पानसे

पुरंदर तालुक्यात सासवडजवळ सोनोरी नावाचे गाव आहे. पानसे घराण्याचे हे गाव. गावात त्यांची गढी आहे आणि गावामागच्या डोंगरावर मल्हारगड हा लहानसा किल्ला आहे. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांपैकी हा सर्वांत शेवटचा, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. तोफखान्याचे सरदार भिवराव यशवंत आणि कृष्णाजी माधवराव पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात त्याची उभारणी केली. पुण्याहून सासवडकडे जाणाऱ्या दिवेघाटाच्या परिसरावर नजर ठेवणे, हा त्याचा हेतू. तोफखान्याच्या सरदाराने स्वतःच्या देखरेखीखाली किल्ला बांधावा, यावरून पेशवाईत या घराण्याला कोणते स्थान प्राप्त झाले होते याची कल्पना येते.

त्या काळी तोफखाना हे एक स्वतंत्र खाते होते. सरदाराच्या हाताखाली हिशेब पाहणारे दरकदार असत. तोफ डागणारे गोलंदाज, गाडे हाकणारे गाडीवान, रस्ता नीट करणारे बेलदार, चाके दुरुस्त करणारे सुतार, लोखंडकाम करणारे लोहार आणि पाण्याच्या पखाली वाहणारे भिस्ती असा मोठा लवाजमा तोफांबरोबर चालत असे. दारू, गोळे, शिसे, दोरखंड, बैलांची वैरण या प्रत्येक गोष्टीची तरतूद सरदारालाच करावी लागे. जड तोफ ओढण्यास बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत आणि चढावर हत्ती मागून रेटा देत असे. घोडदळ दिवसाला कितीही मजल मारो, तोफखान्याची मजल बैलाच्या पावलानेच मोजली जाई. चपळ घोडदळाच्या बळावर वाढलेल्या मराठी फौजेत तोफखाना नेहमीच मागे रेंगाळणारा भाग ठरला, याचे एक मोठे कारण हे होय.

पानिपतच्या पराभवात १७६१ मध्ये मराठ्यांच्या तोफखान्याची अपरिमित हानी झाली. त्यानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत हे खाते पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न झाले. तोफगोळे तयार करण्याचे कारखाने काढण्यात आले. आंबेगावचा कारखाना त्यांपैकीच एक. या पुनर्घटनेचे फळ पुढे दिसून आले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली, तेव्हा भिवराव पानसे यांच्या तोफांनी तिला वाटचालीत सतत जेरीस आणले. मराठी बखरींत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अमर झालेला कॅप्टन स्टुअर्ट हा शूर इंग्रज अधिकारी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानेच पडला. अखेरीस वडगाव येथे त्या फौजेला तह करावा लागला. पानसे घराण्याच्या तोफखान्याचा हा वैभवाचा काळ होता.

परंपरा आणि काळाची चाल

परंतु लष्करी विद्येत वैभव टिकविण्यासाठी सतत शिकत राहावे लागते. धारवाडच्या किल्ल्याला परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० मध्ये वेढा दिला, त्या वेळी कंपनीच्या फौजेतील एडवर्ड मूर हा अधिकारी मराठ्यांच्या बरोबर होता. त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त आजही वाचण्यासारखा आहे. एक तोफ भरली की मोर्चातील मंडळी बसून गप्पागोष्टी आणि धूम्रपान करीत, अर्ध्याएक तासाने ती डागीत आणि धुरळा चांगला उडाला म्हणजे समाधान मानून पुन्हा गप्पांना बसत, असे तो सांगतो. परक्याच्या या वर्णनात थोडी थट्टा असेल, हे मान्य केले तरी तो वेढा सहा महिन्यांहून अधिक काळ रेंगाळला, ही वस्तुस्थिती उरतेच.

त्याच काळात उत्तरेत महादजी शिंद्यांनी वेगळा मार्ग धरला होता. द बॉयन या फ्रेंच सेवेत तयार झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती त्यांनी कवायती पलटणी दिल्या आणि आग्र्यास तोफा ओतण्याची व्यवस्था केली. या तोफखान्याचा दर्जा काय होता, हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर दिसले. शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या लहानशा सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मारली किंवा जखमी केली. अनेक गोलंदाज आपल्या तोफांजवळच कापले गेले. त्यांनी जागा सोडली नाही. म्हणजे मराठी राज्यात उत्तम तोफा ओतता येत नव्हत्या किंवा त्या चालविणारी माणसे नव्हती, असे मुळीच नाही. उणीव होती ती एका छत्राखाली, एका धोरणाने हे सारे चालविणाऱ्या व्यवस्थेची.

पुण्यात तर याहून विचित्र स्थिती निर्माण झाली. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहावर सही करून दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. राज्याच्या रक्षणाचे काम परक्या पलटणींकडे गेले. पुढे १८१२ च्या सुमारास पेशव्यांसाठी कवायती शिक्षण मिळालेली एक स्वतंत्र ब्रिगेड उभारण्यात आली. परंतु तिचा मुख्य अधिकारी फोर्ड हा इंग्रज होता आणि तिचा तळ दापोडीस होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई जुंपली, तेव्हा पेशव्यांच्या पैशावर पोसलेली ही पलटण पेशव्यांच्या विरुद्ध उभी राहिली. राज्याने खर्च केला, शिस्त मात्र शत्रूच्या उपयोगी पडली. अशा परिस्थितीत धन्याच्या बाजूने उभे राहण्यास उरले ते जुने घोडदळ, अरब शिबंदी आणि पानसे यांचा वडिलोपार्जित तोफखाना.

सोलापूरकडे

खडकी आणि येरवड्यानंतर पुणे पडले. बाजीराव पुढे आणि इंग्रजी फौजा मागे, अशी धावपळ सुरू झाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये याच सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे सेनापती बापू गोखले लढता लढता धारातीर्थी पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात गेले. बाजीराव घोडदळासह उत्तरेकडे निघून गेले. अशा धावपळीत बैलांच्या पावलांनी चालणाऱ्या तोफा त्यांच्याबरोबर जाणे शक्यच नव्हते. म्हणून पायदळ आणि तोफखाना सोलापुरास राहिला.

सोलापूरची निवड अकारण नव्हती. दुहेरी तटबंदी, तीन बाजूंनी रुंद पाण्याचा खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वराचा तलाव असा हा बळकट भुईकोट. त्याच्या लगत तटबंदी असलेली मोठी पेठ. किल्ल्यात सुमारे हजार माणसांची शिबंदी आणि तटाखालच्या छावणीत गणपतराव पानसे यांच्या हुकमतीखाली पाच हजारांहून अधिक पायदळ. त्यात सुमारे बाराशे अरब होते. शिवाय काही शे स्वार आणि मैदानी तोफा. पेशव्यांच्या मालकीचे म्हणता येईल असे एवढेच सुसंघटित सैन्य आता दक्षिणेत उरले होते.

त्यांच्यावर चाल करून आला तो ब्रिगेडियर जनरल टॉमस मन्रो. १७८० मध्ये मद्रासच्या फौजेत साधा कॅडेट म्हणून रुजू झालेला हा अधिकारी पुढे मुलकी कारभारात नावाजला आणि १८२० मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. धारवाड भागात जवळ फारसे सैन्य नसताना त्याने स्थानिक लोकांतून शिपाई भरले, बदामी घेतली, एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि नंतर जनरल प्रिट्झलरच्या फौजेचे नेतृत्व स्वीकारून तो भीमा ओलांडून सोलापुरासमोर येऊन ठेपला. तो दिवस ९ मे १८१८. शरणागतीचा निरोप घेऊन गेलेला त्याच्या पलटणीतील एक सुभेदार तटाखाली मारला गेला. बोलणी संपली होती.

दहा मे

दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, पहाटे इंग्रजांच्या दोन तुकड्या शिड्या घेऊन पेठेच्या तटाला भिडल्या. थोड्याच वेळात तट त्यांच्या हाती गेला आणि पेठेच्या गल्ल्यांतून झुंज सुरू झाली. या वेळी गणपतरावांसमोर दोन मार्ग होते. किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाने छावणीत स्वस्थ राहून हल्ल्याची वाट पाहणे, हा एक. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. तोफा, पायदळ आणि स्वार बरोबर घेऊन ते छावणीतून बाहेर पडले, पेठेला पूर्वेकडून वळसा घातला आणि पेठेबाहेर उभ्या असलेल्या इंग्रजांच्या राखीव फौजेसमोर तोफा मांडून मारा सुरू केला.

या निर्णयाचे मोल समजून घेतले पाहिजे. शत्रूचे निम्मे बळ पेठेच्या गल्ल्यांत गुंतले असताना बाहेरच्या राखीव फळीवर घाव घालणे, ही लष्करीदृष्ट्या अचूक चाल होती. राखीव फळी मोडली असती, तर पेठेत शिरलेल्या तुकड्या कोंडीत सापडल्या असत्या. अवजड म्हणून हिणविल्या गेलेल्या तोफखान्याने ऐन लढाईत जागा बदलून शत्रूच्या बगलेवर उभे राहावे, यात सरदाराची हिंमत आणि त्याच्या माणसांची तयारी दोन्ही दिसून येतात. पेशवाईच्या अखेरच्या पर्वाविषयी बोलताना सर्वत्र नुसती पळापळ झाली असे सरसकट विधान केले जाते. दहा मेच्या सकाळी सोलापुरात जे घडले ते या विधानाला अपवाद आहे.

परंतु दैव आणि तयारी या दोन्ही गोष्टी विरुद्ध गेल्या. मराठ्यांचा दारूने भरलेला एक गाडा स्फोट होऊन उडाला आणि रांगांत गोंधळ माजला. मन्रोने ती घटका साधून संगिनींच्या हल्ल्याचा हुकूम दिला. त्या झटापटीत गणपतराव जबर जखमी झाले आणि त्यांचा दुय्यम अधिकारी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. एकाच वेळी दोन्ही प्रमुख नाहीसे झाल्यावर हुकूम देणारे कोणी उरले नाही. तीन तोफा मैदानावर सोडून उरलेली फौज किल्ल्याच्या आश्रयास परतली.

त्याच दिवशी सायंकाळी छावणीतील पायदळ लहान लहान टोळ्यांनी बाहेर पडून निघून जाऊ लागले. प्रिट्झलरने घोडदळ घेऊन त्यांचा पाठलाग केला. सीना नदीपर्यंत हा पाठलाग चालला आणि त्यात मोठी प्राणहानी झाली. दिवसभराच्या लढाईत जेवढे लोक पडले नसतील तेवढे त्या संध्याकाळी उघड्या माळरानावर पडले. पायदळाला पाठीशी घालण्यास घोडदळ नसले म्हणजे काय होते, त्याचा हा करुण पुरावा होय. यानंतर किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला आणि १५ मे रोजी शिबंदीने किल्ला स्वाधीन केला. पुढे तीनच आठवड्यांच्या आत, ३ जून १८१८ रोजी, बाजीरावांनी अशीरगडाजवळ जॉन माल्कमकडे स्वतःला सोपवून दिले. धनी शरण जाण्यापूर्वी त्याचा तोफखाना लढून पडला होता.

पराभवाची कारणे

गणपतराव पानसे यांच्या वैयक्तिक शौर्याबद्दल शंका घेण्यास जागा नाही. मग पराभव का झाला? एका गाड्याचा स्फोट हे निमित्त झाले. कारणे त्यापूर्वीची होती.

पहिले कारण नेतृत्वाच्या साखळीचे. जखमी झालेल्या सेनापतीची जागा तत्काळ घेणारा, तितकाच शिकलेला दुसरा, तिसरा आणि चौथा अधिकारी कवायती सैन्यात असतो. वंशपरंपरागत सरदारीत अधिकार हा घराण्याचा असतो. सरदार पडला की फौजेचा कणा मोडतो. मन्रोच्या फौजेतील एखादा अधिकारी पडला असता तर लढाई थांबली नसती.

दुसरे कारण तिन्ही अंगांच्या सहकार्याचे. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना ही एकमेकांना सांभाळून लढणारी अंगे होत. घोडदळ पेशव्यांबरोबर उत्तरेकडे गेलेले आणि तोफखाना सोलापुरात, अशी फाळणी झाल्यावर उरलेल्या अंगाने कितीही पराक्रम केला तरी तो एकाकीच ठरणार.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण राज्यकारभाराचे. तोफ ही नुसत्या पितळेची किंवा लोखंडाची वस्तू नव्हे. तिच्यामागे खाण, भट्टी, दारूखाना, रस्ते, पगार आणि शिक्षण यांची अखंड साखळी लागते. थोरल्या माधवरावांनी ती जोडण्यास प्रारंभ केला होता. पुढच्या काळात ती जागोजाग तुटली आणि वसईच्या तहानंतर ती जोडण्याची इच्छाही उरली नाही. मन्रोची फौज संख्येने डोळे दिपविणारी नव्हती; परंतु तिच्या पाठीशी ही साखळी शाबूत होती.

सोनोरीपासून देवळालीपर्यंत

सोलापूरच्या लढाईनंतर अवघ्या नऊ वर्षांनी, २८ सप्टेंबर १८२७ रोजी, मुंबई इलाख्यात इंग्रजांनी हिंदी गोलंदाजांची एक तुकडी उभारली. तीच पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून प्रसिद्धीस आली. भारतीय तोफखान्याची सर्वांत जुनी तुकडी म्हणून तिचा मान आहे आणि तिचा स्थापनादिन भारतीय तोफखाना आजही ‘गनर्स डे’ म्हणून साजरा करतो. मात्र त्या काळी हिंदी माणसाच्या हाती तोफेचे काम होते, अधिकार नव्हता. विशेषतः १८५७ नंतर मैदानी तोफा जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या पलटणींकडेच ठेवण्यात आल्या आणि डोंगरी तोफखान्यापुरतेच हिंदी गोलंदाज उरले. हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली मैदानी तोफखाना येण्यास १९३५ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखाना प्रशिक्षण संस्थेने देशाला अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्या दिल्या. गोव्याचे मूळ असलेले आणि मुंबईत जन्मलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९४९ मध्ये देहरादूनच्या जॉइंट सर्व्हिसेस विंगच्या पहिल्या तुकडीत ते दाखल झाले, डिसेंबर १९५२ मध्ये तोफखान्यात अधिकारी झाले, तोफखान्याचे वैमानिक म्हणूनही त्यांनी काम केले आणि ३० जून १९९० पासून तीन वर्षे ते भारताचे लष्करप्रमुख होते. त्यांच्या मागे सरदारी नव्हती, गढी नव्हती की सनद नव्हती. होते ते प्रशिक्षण, परीक्षा आणि क्रमाक्रमाने सिद्ध केलेली योग्यता. गणपतराव पानसे यांच्या काळात जी पायरी जन्माने मिळत होती, ती आज शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या किंवा शिक्षकाच्या मुलालाही खुली आहे. सोलापूरच्या मैदानावर जी उणीव जाणवली, तिचे उत्तर या बदलात आहे.

किल्ला काय सांगतो

आज भुईकोटाच्या परिसरात बाग आहे. सुटीच्या दिवशी मुले तटावर चढतात, तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराकडे पाहतात आणि परत जातात. त्यांना या तटाची गोष्ट सांगितली पाहिजे. इथल्या बुरुजांनी मे १८१८ मध्ये एका राज्याचा तोफखाना मावळताना पाहिला. आणि एकशे बारा वर्षांनी, पुन्हा मे महिन्यातच, याच शहरातील सामान्य माणसे हाती शस्त्र नसताना परकीय सत्तेपुढे उभी राहिलेली पाहिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. एका लढ्यात सरदार पडताच फौज विखुरली. दुसऱ्या लढ्यात पुढारी तुरुंगात गेले तरी लोक मागे हटले नाहीत. दोन्ही प्रसंगांतील फरक शस्त्रांचा तर आहेच, परंतु त्याहून अधिक तो राज्य कोणाचे या प्रश्नाचा आहे. १८१८ मध्ये पेठेतील विणकराला ती लढाई धन्याची वाटली असेल. १९३० मध्ये त्याच्या वंशजाला लढा आपला वाटला.

गणपतराव पानसे यांचे स्मरण करावयाचे ते पराभवाचे दुःख उगाळण्यासाठी नव्हे. ज्याचा धनी निघून गेला आहे, ज्याच्या मदतीस कोणी येणार नाही, अशा अधिकाऱ्याने तटाचा आसरा सोडून तोफा मैदानात आणल्या आणि योग्य जागी मांडल्या. आपल्या वाट्याचे कर्तव्य त्याने पार पाडले. त्याच्या पाठीशी जे उभे राहावयास हवे होते ते उभे नव्हते. सैनिकाच्या पाठीशी शिक्षण, कारखाने, रस्ते आणि जागृत जनता उभी करणे हे राज्याचे काम आहे, हा धडा सोलापूरच्या तटाखाली फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. तो विसरला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.